कच्चे अन्न : काय खावे, काय शिजवावे?

दरवर्षी पालकसभेच्या दिवशी आमच्या भोजनालयाच्या दारात काही प्रश्न हमखास येतात. एखादी आई विचारते, "मटकीला मोड आणता आणि मग ती शिजवून तिचे सत्त्व का घालवता?" कबड्डीच्या संघातील मुलाचे वडील डझनभर गावठी अंडी घेऊन येतात आणि रोज पहाटे दोन कच्ची अंडी दुधात फेटून मुलास द्यावीत, अशी विनंती करतात. एखादी आजी घरच्या म्हशीचे निरसे दूध किटलीत घालून एस.टी.ने चार तासांचा प्रवास करून येते. त्या किटलीत दुधापेक्षा माया अधिक असते, हे आम्हांस कळते. तरीही ते दूध उकळल्यावाचून आम्ही कोणाही मुलास देत नाही, तेव्हा तिचा चेहरा उतरतो.

या प्रश्नांना दारात उभ्याने दिलेले उत्तर अपुरे पडते. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने, भोजनालयाची जबाबदारी सांभाळणारे आम्ही सर्व जण, आमच्या नियमांमागील कारणे माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे मांडत आहोत. हे नियम आम्ही पुस्तकातून उतरविलेले नाहीत. त्यांतील पहिला नियम एका दुखण्यातून शिकलेला आहे.

एका सकाळची न्याहारी

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या आरंभी एका सकाळी मोड आलेली मटकी, कांदा, लिंबू आणि मीठ अशी न्याहारी दिली होती. सारे कच्चे, ताजे आणि आमच्या समजुतीप्रमाणे सर्वांत पौष्टिक. दुसऱ्या दिवशी मोठ्या मुलांच्या दोन खोल्यांतून पोटदुखी आणि जुलाब सुरू झाले. काही मुलांना सलाईन लावावे लागले. सर्व मुले बरी झाली, परंतु त्या दोन रात्री आमच्यापैकी कोणी झोपले नाही. पहिल्या पावसाने विहिरीचे पाणी गढूळ झाले होते आणि त्याच पाण्यात मटकी भिजविली होती. दोष पाण्याचा की बियांचा, हे प्रयोगशाळेतून सिद्ध झाले नाही. मात्र आजारी पडलेल्या प्रत्येक मुलाने ती मटकी खाल्ली होती. त्या दिवशी पोहे घेतलेली मुले धडधाकट होती.

त्या दिवसांत सर्वांत अधिक सोसले ते स्वयंपाकाच्या मावशींनी. "हात धुतले नसतील," असे कोणीतरी बोलले आणि ते बोल त्यांच्यापर्यंत पोहोचले. मावशींनी काम सोडण्याचे ठरविले. त्या वेळी आम्हांस चुंदाची आठवण झाली. पावा नगरीतील लोहार चुंद याच्या घरी तथागतांनी अखेरचे भोजन घेतले, हे महापरिनिब्बान सुत्तात आले आहे. सूकरमद्दव म्हणजे कोवळे वराहमांस की एखादी वनस्पती वा अळंबी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तो पदार्थ अन्य कोणास न वाढता, उरलेला जमिनीत पुरावा, असे तथागतांनी चुंदास सांगितले. पुढे त्यांना रक्तातिसाराची तीव्र वेदना झाली. त्या अवस्थेतही, चुंदाच्या मनात पश्चात्तापाचा काटा राहू नये, याची काळजी घेण्यास त्यांनी आनंदास सांगितले.

सुत्तातील प्रसंगाचा आशय याहून व्यापक आहे. आम्ही आमच्या स्वयंपाकघरापुरते त्यातून दोन धडे घेतले. ज्या अन्नाविषयी शंका आहे ते कोणाच्याही ताटात जाता कामा नये, हा एक. प्रेमाने रांधणाऱ्यावर दोषाचे ओझे टाकून मोकळे होऊ नये, हा दुसरा. मावशी राहिल्या. आम्ही दोषी व्यक्तीचा शोध थांबविला आणि दोषाच्या कारणाचा शोध सुरू केला.

धोका कशाचा असतो?

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपल्या परिचयाचा आहे. परंपरेने आले किंवा कोणी मोठ्याने सांगितले एवढ्यावरून एखादी गोष्ट स्वीकारू नये, ती पारखून घ्यावी. आहाराविषयी दोन समजुती अशाच न पारखता चालत आल्या आहेत. कच्चे तेवढे नैसर्गिक आणि म्हणून हितकर, ही एक. शिजविले की सारे निर्धोक, ही दुसरी. दोन्ही अर्धसत्य आहेत. कोणताही पदार्थ कच्चा खावा की नाही हे ठरविताना त्यात कोणता धोका संभवतो, हे आधी पाहिले पाहिजे. असे धोके मुख्यतः चार प्रकारचे आहेत.

पहिला, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू आणि विषाणू. दूध, अंडी, मांस, मोड आलेली कडधान्ये आणि दूषित पाणी यांतून ते येतात. दुसरा, जंत आणि त्यांची अंडी. ती मांसातून, तसेच माती वा मैला लागलेल्या भाजीतून येतात. तिसरा, वनस्पतीने स्वसंरक्षणासाठी स्वतःच तयार केलेले विष. चौथा, बुरशीने किंवा जिवाणूंनी अन्नात आधीच सोडून ठेवलेले विष. पहिले दोन धोके पुरेशा उष्णतेने नाहीसे होतात. तिसरा काही पदार्थांत जातो, काहींत जात नाही. चौथा बहुधा शिजविल्यानेही जात नाही. एवढी विभागणी ध्यानात ठेवली, तर पुढील बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

मोड आलेली कडधान्ये

मोड येण्यासाठी बीजाला ओलावा आणि ऊब लागते. नेमके तेच जिवाणूंनाही लागते. शेतात किंवा कोठारात बीजाच्या फटीत शिरलेले मोजके जिवाणू फडक्यात बांधलेल्या मटकीत एका रात्रीत असंख्य होतात. वरून धुतल्याने ते निघत नाहीत, कारण ते टरफलाच्या आत दडलेले असतात. वासावरून वा चवीवरूनही ते कळत नाहीत.

२०११ साली जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूच्या एका उग्र प्रकाराची साथ आली. सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. अनेकांची मूत्रपिंडे निकामी झाली. प्रारंभी स्पेनमधून आलेल्या काकड्यांवर संशय घेतला गेला आणि तेथील शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. पुढे शोध लागला तेव्हा कारण निघाले मेथीदाण्याचे कच्चे मोड. ज्या काकड्यांना दोष दिला त्या निर्दोष होत्या. घाईने ठेवलेला ठपका मोठमोठ्या देशांतही चुकतो, हे वाचून आमच्या मावशींना थोडे समाधान वाटले.

त्याआधी १९९६ साली जपानमधील साकाई शहरात शाळेच्या मध्यान्ह भोजनातून याच जातीच्या जिवाणूने हजारो शाळकरी मुले आजारी पडली आणि काही बालके मृत्युमुखी पडली. तेथे मुळ्याच्या कच्च्या मोडांवर संशय होता. स्वच्छतेसाठी नावाजलेल्या देशात, शाळेच्याच ताटातून हे घडले. एका कढईतून शेकडो मुलांना वाढणाऱ्या कोणत्याही संस्थेने ही घटना विसरू नये.

राहिला प्रश्न सत्त्वाचा. मोड आल्याने कडधान्यात 'क' जीवनसत्त्व तयार होते आणि शिजविताना त्याचा काही अंश नष्ट होतो, हे खरे आहे. परंतु कच्च्या कडधान्यात प्रथिनांचे पचन रोखणारी द्रव्ये असतात आणि ती उष्णतेने निकामी होतात. म्हणजे शिजवलेल्या मटकीतून मुलाला प्रथिने अधिक मिळतात. 'क' जीवनसत्त्वासाठी लिंबू, पेरू आणि आवळा आहेतच. म्हणून आम्ही मटकी आणि मूग उकळत्या पाण्यात चांगले शिजवून घेतो, चूल उतरविल्यावर लिंबू पिळतो आणि कोथिंबीर घालतो. चवही जात नाही आणि सत्त्वही फारसे जात नाही.

अंडी आणि दूध

कच्च्या अंड्याने ताकद येते, ही समजूत तालमींतून वसतिगृहांत आली. वस्तुस्थिती उलट आहे. शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने शरीरास उपयोगी पडतात, तर कच्च्या अंड्यातील जवळपास निम्मीच, असे संशोधनात आढळले आहे. शिवाय कच्च्या पांढऱ्या भागातील अ‍ॅव्हिडिन नावाचे प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरते. शिजविले की ते निष्प्रभ होते. साल्मोनेला हा जिवाणू कवचावर तर असतोच, पण कोंबडीच्या अंडाशयातून तो कवच तयार होण्यापूर्वीही आत शिरू शकतो. म्हणून अंडे गावठी असो वा बाजारचे, वरून कितीही स्वच्छ दिसो, ते बलक घट्ट होईपर्यंत उकडलेलेच खावे. कबड्डीपटूच्या वडिलांना आम्ही नम्रपणे सांगतो की, आपण आणलेली अंडी आपल्या मुलालाच देऊ, पण उकडून देऊ. त्यातून त्यास जवळपास दुप्पट प्रथिने मिळतील.

जपानमध्ये नोकरीनिमित्त राहणारे आमचे एक माजी विद्यार्थी मागील मेळाव्यात म्हणाले, की तेथे लोक गरम भातावर कच्चे अंडे फोडून खातात आणि कच्चे मासेही खातात, मग ते आजारी कसे पडत नाहीत? प्रश्न योग्य आहे. तेथे अंडी धुऊन, तपासून विकली जातात आणि त्यांवर छापलेली तारीखच मुळी कच्चे खाण्याची मुदत सांगते. माशांतील जंत मारण्यासाठी ते उणे २० अंश सेल्सिअस तापमानात सात दिवस गोठवून ठेवण्याची पद्धत अनेक देशांत मान्य आहे. म्हणजे ते लोक कच्चे खातात, पण त्यामागे शेतापासून ताटापर्यंत थंडाव्याची आणि तपासणीची अखंड साखळी उभी असते. आठवडी बाजारात उन्हात मांडलेल्या टोपलीतील अंड्यामागे अशी साखळी नसते. त्यामुळे तेथील सवय येथे आणताना साखळी मागे ठेवून केवळ सवय आणणे धोक्याचे आहे. आणि साखळी असतानाही साकाई घडले, हेही विसरू नये.

दुधाविषयीचा धडा माल्टा बेटावरून आला. तेथील ब्रिटिश सैनिकांना दीर्घकाळ येणाऱ्या तापाचे जिवाणू १८८७ साली डेव्हिड ब्रूस यांनी शोधले. परंतु ते कोठून येतात, हे कळण्यास १९०५ साल उजाडले. थेमिस्टोक्लिस झामित यांनी दाखवून दिले, की ते तेथील शेळ्यांत असतात. त्या शेळ्या दिसावयास पूर्ण निरोगी होत्या. सैनिकांना शेळीचे निरसे दूध देणे बंद होताच तापाचे रुग्ण झपाट्याने घटले. हा रोग, म्हणजे ब्रुसेलोसिस, आपल्याकडील गाई-म्हशी व शेळ्यांतही आढळतो. गोठ्यातील क्षयाचे जंतूही निरशा दुधातून येऊ शकतात. गाय घरची आहे, तिला काही झालेले नाही, असे आपण म्हणतो. माल्टातील शेळ्यांनाही काही झालेले दिसत नव्हते.

दूध सुरक्षित करण्यास फार काही लागत नाही. ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशांना १५ सेकंद, एवढ्या उष्णतेत रोगजंतू मरतात. हेच पाश्चरीकरण होय. घरी एक चांगली उकळी पुरते. आपल्या आयाबायांनी हे फार पूर्वीपासून जाणले होते. गाय व्याल्यावर पहिला चीक त्या कच्चा देत नाहीत, वाफवून त्याचा खरवस करतात. आजीच्या किटलीतील दूध आम्ही परत पाठवीत नाही. ते तिच्यासमोरच उकळतो आणि मग तिच्याच हातांनी नातवाला देऊ देतो.

कोशिंबीर, कोबी आणि एक गैरसमज

कोबीतला किडा मेंदूत जातो, असे ऐकून अनेक घरांतून कोबी हद्दपार झाला आहे. दुसरीकडे, डुकराचे मांस खाणाऱ्यांनाच हा रोग होतो, असे म्हणून काही वस्त्यांकडे बोट दाखविले जाते. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दुसरा तर अन्यायकारकही आहे.

वस्तुस्थिती अशी. एका जातीच्या पट्टकृमीच्या गाठी डुकराच्या मांसात असू शकतात. असे मांस अर्धेकच्चे खाल्ले, तर माणसाच्या आतड्यात तो कृमी वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या मात्र मांस खाल्ल्याने होत नाहीत. त्या या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतात. ती अंडी आतड्यात कृमी असलेल्या माणसाच्या मैल्यातून पडतात. उघड्यावरील शौच, मैलापाण्यावर पिकविलेली पालेभाजी, न धुतलेले हात आणि दूषित पाणी यांतून ती कोणाच्याही ताटात येतात. म्हणूनच जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालाही मेंदूतील गाठींमुळे फेफरे येऊ शकते. ज्या प्रदेशांत हा कृमी आढळतो, तेथील अपस्माराच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्क्यांमागे हेच कारण असू शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या रोगाची वाट जातीवरून वा आहारावरून जात नाही. ती मैल्यापासून तोंडापर्यंत जाते आणि संडास, साबण व स्वच्छ पाणी यांनी ती बंद होते.

हे येथे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे, की फेफरे आलेल्या मुलाला आजही चप्पल हुंगविली जाते किंवा अंगात आले म्हणून देवऋषाकडे नेले जाते. अशा मुलाला एका कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. हा उपचाराने आटोक्यात येणारा मेंदूचा विकार आहे. त्यात लाज वाटावी असे काही नाही.

मग कोशिंबीर खावी की नाही? अवश्य खावी. काकडी, गाजर, मुळा, बीट आणि कांदा या सोलता येणाऱ्या भाज्या प्रथम वाहत्या पाण्याखाली चोळून धुवाव्यात, मग सोलाव्यात. आधी सोलून नंतर धुतल्यास सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. पालेभाजी, कोबी आणि फ्लॉवर यांच्या पानापानांत माती अडकते. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने अळ्या व माती सुटते, पण जंतांची अंडी मरत नाहीत. म्हणून वसतिगृहात या भाज्या आम्ही शिजवूनच देतो. कोथिंबीर निवडून, तीनचार पाण्यांतून काढून, शेवटी पिण्याच्या पाण्याने धुऊन वापरतो. दरवर्षी १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळेत दिली जाणारी गोळी मुलांनी चुकवू नये. मात्र ती आतड्यातील सामान्य जंतांसाठी आहे, तेवढ्यावर विसंबून हात धुण्याचे सोडू नये.

मांसाविषयी इतकेच, की कोंबडी, बकरा, डुक्कर वा मासे, काहीही असो, आतील भाग किमान ७० अंशांपर्यंत तापला पाहिजे. तुकड्याच्या मध्यभागी लाली उरू नये. कच्चे चिकन नळाखाली धुतल्याने जंतू उडून शेजारच्या भांड्यांवर बसतात. ज्या विळीवर वा पाटावर मांस कापले, ती साबणाने धुतल्यावाचून तिच्यावर काकडी कापू नये. कित्येकदा दोष काकडीचा नसून विळीचा असतो.

वनस्पतींची स्वतःची विषे

आपल्या रानाशेतांशी जवळीक असलेल्या पालकांना हा भाग नवा नाही. ज्वारीची कोवळी पोंगे चरल्यास जनावर दगावते, हे शेतकरी जाणतो. त्या कोवळ्या रोपातून सायनाइड तयार होते. पक्व दाण्यात ते नसते, म्हणून भाकरी निर्धोक आहे. परंतु ज्वारीला मोड आले की ते द्रव्य पुन्हा निर्माण होते. मटकीप्रमाणे ज्वारीचे मोड कच्चे खाण्याची हौस कोणी करू नये.

राजमा हा वसतिगृहांच्या भोजनात अलीकडे आलेला पदार्थ. कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन नावाचे विषारी प्रथिन भरपूर असते. चारपाच कच्चे दाणेही उलट्यांना पुरेसे ठरतात. विशेष म्हणजे मंद आचेवर, ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहूनही अधिक बाधतो. त्यावर उपाय सोपा आहे. तो किमान पाच तास भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे, मग नव्या पाण्यात खळखळून उकळावे. दहा मिनिटांची पूर्ण उकळी ही अगदी किमान मर्यादा झाली. आम्ही अर्धा तास उकळतो किंवा कुकरमध्ये शिजवितो.

अळू, सुरण आणि पावसाळ्यातील शेवळे घशाला खाजतात, कारण त्यांत ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. अळूला चिंच किंवा आमसूल आणि शेवळ्यांना काकडाची फळे घालून चांगले शिजविण्याची रीत आपल्या वडीलधाऱ्यांनी अनुभवातून शोधली. ही खरी पारखलेली परंपरा होय.

काही विषे मात्र चुलीला दाद देत नाहीत. कडू निघालेला दुध्या त्यांपैकी एक. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुध्याचा रस प्याल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू रस अजिबात पिऊ नये, असे सांगितले. औषध म्हणून नाक दाबून कडू रस पिणे ही साधना नव्हे, तो धोका आहे. दुध्या आणि काकडी चिरताना एक चकती चाखावी. कडू लागल्यास थुंकून टाकावी आणि सारे फळ फेकून द्यावे. हिरवे पडलेले व खूप कोंब आलेले बटाटेही उकडल्याने निर्विष होत नाहीत, ते टाकावेत.

शिजविल्यानेही न सुधारणारे

बुरशी आलेला शेंगदाणा भाजला तरी त्यातील अफ्लाटॉक्सिन पुरते जात नाही. ते यकृताला घातक आहे आणि त्याने कर्करोगही होऊ शकतो. म्हणून कोठीतील दाणे आम्ही निवडूनच घेतो. सुरकुतलेला, काळवंडलेला वा खवट दाणा चटणीत जात नाही. स्वस्त मिळाले म्हणून ओलसर पोते कोणी देणगीदाखल देऊ नये, अशी आमची प्रेमाची विनंती आहे.

शिजवलेला भात रात्रभर उष्ण हवेत राहिला, तर उकळीतूनही वाचलेले काही जिवाणूंचे बीजाणू त्यात पुन्हा वाढतात आणि विष सोडतात. ते विष परत गरम केल्याने जात नाही. बासुंदी, खीर आणि मांसाचे पदार्थ यांचेही तसेच. म्हणून ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक ठेवू नये. आपल्या उन्हाळ्यात तर तेवढेही ठेवू नये. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात भाषणे लांबली, की आमचे लक्ष घड्याळापेक्षा पातेल्यांकडे अधिक असते, त्याचे कारण हेच.

घरचा नियम आणि वसतिगृहाचा नियम

घरी आम्ही तर हे सर्व कच्चेच खातो, असे पालक म्हणतात. त्यात तथ्य आहे. घरच्या चौघांसाठी आई स्वतः धुते, निवडते आणि लगेच वाढते. एखादी चूक झालीच तर ती एकाच घरापुरती राहते. येथे एकाच कढईतून शेकडो ताटे भरतात. एक चूक झाली, तर एका रात्रीत सारे सभागृह आजारी पडते आणि आई जवळ नसते. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याच्या वस्त्राला, परिस्सावनाला, स्थान आहे. त्यामागील मुख्य हेतू पाण्यातील सूक्ष्म जीव मरू नयेत हा होता, आरोग्याचा नव्हता. परंतु घोट घेण्यापूर्वी क्षणभर थांबून पाण्याकडे पाहण्याची जी सवय त्यातून लागते, तीच सम्यक स्मृती स्वयंपाकघरात हवी, असे आम्हांस वाटते.

म्हणून आमच्या भोजनालयाचे नियम थोडक्यात पुढे देत आहोत. मोड आलेले कडधान्य, अंडी, दूध आणि मांस कच्चे दिले जात नाही. सोलता येणाऱ्या भाज्या आणि फळे धुऊन, जेवणाआधी थोडाच वेळ चिरून दिली जातात. पेरू, आवळा, केळी, पपई, लिंबू यांपैकी एक तरी रोज ताटात असते. गाजर आणि टोमॅटो कधी कच्चे, तर कधी थोड्या तेलात शिजवून देतो, कारण शिजवल्याने त्यांतील उपयुक्त रंगद्रव्ये अधिक शोषली जातात. पावसाळ्यात पिण्याचे आणि कोशिंबिरीचे पाणी उकळलेलेच असते. शंका आलेले अन्न मोजमाप न करता टाकले जाते, आणि ते टाकणाऱ्या मावशींना कोणी जाब विचारीत नाही.

पालकांना विनंती एवढीच, की भेटीच्या दिवशी डबा अवश्य आणावा. चटणी, लाडू, दशम्या, भाजलेले दाणे, फळे जे वाटेल ते आणावे. दूध, अंडी आणि मांसाहारी पदार्थ आणल्यास ते स्वयंपाकघरात द्यावेत. आम्ही ते उकळून वा पुन्हा नीट तापवून आपल्यासमोर मुलाला वाढू. प्रवासात फार वेळ राहिले असेल, तर मात्र मोकळेपणाने सांगावे. ते टाकावे लागल्यास त्यात आपल्या मायेचा अव्हेर आहे, असे कृपया मानू नये.

त्या पावसाळ्यात आजारी पडलेली मुले आता मोठी झाली आहेत. त्यांतील काही जण आज आपल्या लेकरांना याच शाळेत घेऊन येतात. ती लेकरे न्याहारीला वाफाळलेली मटकी, वरून पिळलेले लिंबू आणि बाजूला काकडीची फोड घेऊन बसतात, तेव्हा मावशी दारातून त्यांच्याकडे पाहत असतात. आपणही पुढील मेळाव्याला यावे, त्याच पंगतीत बसावे आणि जे शंकास्पद वाटेल ते आम्हांस निःसंकोच विचारावे. सर्व मुलांना निरामय आरोग्य लाभो, आणि त्यांच्यासाठी रांधणाऱ्या हातांनाही, हीच मंगलकामना.